इन्सुलिन-रोधाचे निर्देशांक : रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर

इन्सुलिन-रोध म्हणजे रक्तात इन्सुलिन असूनही यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशींनी त्याला पुरेशी दाद न देणे. स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवते, म्हणून हा बिघाड साखरेच्या तपासणीत कित्येक वर्षे दिसत नाही. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. उच्च रक्तदाबाने हृदयाचा डावा कप्पा जाड होऊ लागतो. इन्सुलिन-रोधाची भर पडली की तो ताठर होत जातो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागते तेवढे रक्त हृदयाला पुरवता येत नाही, ती ही अवस्था.

इन्सुलिन-रोध मोजण्याच्या रीती अनेक. १९८५ साली मांडलेल्या होमा-आयआर या निर्देशांकाला उपाशीपोटीचे इन्सुलिन लागते आणि ती तपासणी महाग पडते. ग्रामीण विदर्भासाठी टीवायजी (ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज) निर्देशांक अधिक सोयीचा: उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी (दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांचा गुणाकार निम्मा करून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचे ln) घ्यायचा. साखर ९० व ट्रायग्लिसराइड १०० असेल तर ८.४, ११० व २०० असेल तर ९.३. रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हा आकडा चढा असेल, तर पुढे हार्ट फेल्युअर होण्याचे प्रमाणही अधिक आढळते. मात्र हे निदान नव्हे, आणि सर्वमान्य सीमारेषाही ठरलेली नाही.

आकड्याचा खरा कस नमुना घेतानाच लागतो. पहाटे वावरात निघण्याआधी गोड चहा घेतलेला असतो आणि ‘काही खाल्लं का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ असेच उत्तर येते, कारण चहाला कोणी खाणे म्हणत नाही. म्हणून ‘चहा घेतला का?’ असे वेगळे विचारावे. रात्रीच्या जेवणानंतर आठ ते बारा तास फक्त पाणी चालते. गावपातळीवर तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर पाहिली जाते. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र प्रयोगशाळा गाठावी लागते, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तोवर कंबर मोजता येते: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर अंगकाठी बारीक असली तरी इन्सुलिन-रोधाची शंका घ्यावी.

बीपीची गोळी चालू असलेल्या बाईला कापूस वेचताना धाप लागते, संध्याकाळी पायाला सूज येते, रात्री उशी उंच घ्यावी लागते. घरचे याला थकवा म्हणतात, पण ही हार्ट फेल्युअरची लक्षणे असू शकतात. अशा वेळी निर्देशांकाची वाट पाहू नये. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.