व्हाळातली काच

व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या दगडावर बेसावध पाय पडला की माणूस आपटतो, आणि बोल लागतो शेवाळाला. पण दगडावरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर बरेचदा डायटमचा असतो. ही एका पेशीची शैवालं. प्रत्येकीभोवती सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच कवच, डबा आणि झाकण असावं तसं दोन भागांचं.

हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी या कवचांपायी उभी हयात घालवली. सुरुवात उत्तर कोकणातली. एला गोन्साल्विस यांच्याबरोबर त्यांनी मुंबई आणि साष्टीतल्या डायटमची नोंद केली. ती १९५२ ते १९५४ या काळात तीन भागांत छापून आली. पुढे कोल्हापूर, पन्हाळा, जोगचा धबधबा, गुजरात. २००८ साली ते गेले. त्यांनी कोल्हापुरातून नोंदलेल्या गोम्फोनिमांची, म्हणजे डायटमच्या एका गटाची, २०१२ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा एका जातीला गांधींचंच नाव दिलं गेलं.

नमुना गोळा करायला फार सामान लागत नाही. दगड उचलायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, धुवण बाटलीत भरायचं. खरी चिकाटी पुढे. धुवण आम्लात उकळलं की पेशीतलं सगळं जळून जातं, काच तेवढी उरते. मग सूक्ष्मदर्शकाखाली कवचावरच्या रेघा मोजायच्या: दहा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, किती बसतात? एवढ्याशा फरकावर कधीकधी जात बदलते. गांधी हे ओळखून हाताने चित्रं काढत. (आज फोटो काढणं सोपं झालंय, बघणं तितकंच अवघड आहे.)

अशा याद्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. निट्झिया पालिया नावाचा डायटम सांडपाण्यात मजेत वाढतो. काही जातींना मात्र स्वच्छ, क्षार कमी असलेलंच पाणी लागतं. पाण्याची रासायनिक तपासणी त्या घटकेचं सांगते, दगडावरचा थर गेल्या काही आठवड्यांचं. म्हणून जुनी यादी हाताशी असली की पाणी कुठवर बिघडलं ते ताडून बघता येतं.

मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. छानच झालं. पण माझ्या मते अशा प्रत्येक तळ्याची डायटमची यादीही हवी, आणि वर्षातून दोनदा तरी: एकदा पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, एकदा वैशाखात. भर पावसात जाऊन उपयोग नाही. व्हाळाला लोंढा आला की दगड धुऊन निघतात आणि थर पुन्हा धरायला वेळ लागतो.