पाणबुड्याच्या पाठीवरची टाकी ऑक्सिजनची नसते

"पाठीला ऑक्सिजनची टाकी असली की कितीही खोल, पाण्याखालच्या गुहेतसुद्धा बिनधास्त जाता येतं." आमच्या साताऱ्यात पोरं विहिरीत पोहायला लागली की हा मेसेज फिरतोच. बातम्यांतही 'ऑक्सिजन सिलिंडर'च म्हणतात, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे.

नेहमीच्या टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरखाली विषारी ठरू लागतो, पाण्यातच झटके येतात.

दर १० मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. पडताळायचं असेल तर एका बाजूने बंद असलेल्या काचेच्या नळीला आतून कुंकू लावा आणि वजन बांधून, तोंड खाली ठेवून, कठड्यावरूनच पाण्यात ३३ फूट (१० मीटर) सोडा. वर काढल्यावर कुंकू जवळपास निम्म्यापर्यंत भिजलेलं दिसेल. आतली हवा तेवढी आकसली होती! ३० मीटरवर दाब चौपट होतो, एका श्वासाला चौपट हवा लागते, म्हणून टाकी पाव वेळच पुरते. त्याच सुमारास नायट्रोजनची गुंगी चढू लागते, आणि ती ज्याला चढते त्यालाच बहुधा कळत नाही.

गुहेत तर डोक्यावर खडक, सरळ वर येणं नाही. पायाने गाळ ढवळला की स्वतःचा हातही दिसेना होतो. म्हणूनच मेक्सिकोतल्या युकाटानमध्ये पाण्याने भरलेल्या विवरांतून गुहेत शिरणारे प्रशिक्षित पाणबुडे गुहेच्या तोंडापासून अखंड दोरी नेतात आणि एक तृतीयांश हवा संपली की मागे फिरतात.