माठ भरण्याची पाळी: कोकणातल्या प्राथमिक शाळांत सवयी आणि नेतृत्व कुठून आलं

आमची शाळा चिऱ्याची, कौलारू, दोन खोल्यांची. पडवीच्या कोपऱ्यात तिवईवर माठ, माठावर लाकडी झाकण, झाकणावर उपडा पेला आणि भिंतीतल्या खिळ्याला करवंटीचा डवला टांगलेला. रोज सकाळी दोघाजणांनी विहिरीवरून पाणी आणायचं. पाळी कोणाची ते गुरुजी शनिवारीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. आधी कालचं पाणी अबोलीला घालायचं, माठ आतून काथ्याने घासायचा, फडकं धुऊन पिळून तोंडाला बांधायचं आणि मग कळशी ओतायची. पाण्यात बोट बुडलं तर सगळं पाणी टाकून पुन्हा विहिरीवर. मी दुसरीत असताना माझं बोट बुडलं. कोणी पाहिलं नव्हतं, पण माझ्याबरोबर चौथीतली मुलगी होती, तिने पाहिलं. ती रागावली नाही, गुरुजींना सांगितलंही नाही. तिने माठ अबोलीत उपडा केला, कळशी उचलली आणि चालायला लागली. मी मुकाट्याने मागे गेलो.

'लहान मुलांमध्ये नेतृत्वगुण कसे रुजवावेत', 'चांगल्या सवयी कशा लावाव्यात' असे विषय हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि पालकांच्या सभेत फार येतात. हे काहीतरी नवीन आणि बाहेरून आलेलं आहे, असा बोलणाऱ्यांचा सूर असतो. शब्द नवे आहेत हे खरं. पण कोकणच्या किनाऱ्यावर बोर्डीपासून मालवणपर्यंत या गोष्टीला मोठा मागचा धागा आहे. सवय आणि पुढारपण हे दोन वेगळे विषय आपल्याकडे कधी नव्हतेच. मुलाच्या हातात काम दिलं की दोन्ही एकदम येत. इतिहास बदलत गेला तो एवढ्याच मुद्द्यावर, की काम कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या नाही.

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करावी लागेल. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत भरणारी, धुळपाटीवर अक्षरं गिरवण्याची शाळा. पंतोजी एक, मुलं वेगवेगळ्या वयांची. मोडी वाचता येणारा मोठा मुलगा लहानांना अक्षरं काढून देई आणि संध्याकाळी पावकी-निमकीचा परवचा तोच पुढे म्हणे, बाकीचे मागून. हिंदुस्थानात ही रीत ठिकठिकाणी होती. मद्रासला अनाथ मुलांची शाळा सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने ती पाहिली आणि १७९७ साली इंग्लंडात तिच्यावर पुस्तिका छापली. तिकडे जोसेफ लँकेस्टरनेही अशीच पद्धत चालवली, आणि पुढे तीच पद्धत 'मॉनिटर' हा शब्द घेऊन इकडे परत आली. मुंबईत १८२० च्या दशकात मराठी शाळा काढणाऱ्या मंडळींनी लँकेस्टरची पद्धत धरली होती. म्हणजे आपल्या वर्गातला मॉनिटर मुळात आपल्याच ओवरीतला. फरक इतकाच पडला की ओवरीतला मोठा मुलगा शिकवत होता, आणि मॉनिटर पुढे पुढे फक्त गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहू लागला. हे नुकसानच झालं, असं मला वाटतं. नावं लिहिण्यात हुकमत आहे, पण कोणाला काही येऊ लागलं याचं समाधान नाही.

दापोली तालुक्यातल्या मुरूडला एकोणिसाव्या शतकात सोमण नावाचे एक शिक्षक होते. ते गावात वर्तमानपत्र आणत आणि शाळेतल्या एका मुलाला देवळात बसवून गावकऱ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवायला लावत. पुढे गावाने भांडवल जमवून दुकान काढलं, तेव्हा दुकान चालवण्याच्या कामातही त्यांनी त्याच मुलाला घातलं. दुकान बुडालं. मुलगा मात्र धोंडो केशव कर्वे होता. हाच मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून तिथून परत पाठवला गेला. ती चालण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. देवळातल्या वाचनाची आणि बुडालेल्या दुकानाची फारशी कोणी सांगत नाही, खरं म्हणजे घडण तिथेच झाली. म्हातारपणी, १९३६ साली, कर्व्यांनी जिथे शाळाच नाही अशा खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, त्याचंही मूळ मला त्या देवळात दिसतं.

पण कर्व्यांना देवळात बसता येत होतं. त्याच दापोलीच्या परिसरात, त्याच काळात, महार पेन्शनर शिपायांच्या मुलांना शाळेच्या आत बसता येत नव्हतं. स्वच्छतेच्या सवयींचा इतिहास लिहिताना हा भाग गाळला तर तो इतिहास खोटा होईल. 'घाणेरडे राहतात' हे कारण शतकानुशतकं ज्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं, त्यांना पाण्याला हातच लावू दिला जात नव्हता. शाळेतल्या माठाला तर नाहीच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. कागदावरचा हा हक्क खरा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. महाड कोकणातलंच. तिथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आपल्या माणसांना स्वच्छ राहा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, मुलांना शिकवा असं सांगितलं. पाण्यावरचा हक्क आणि अंगावरची स्वच्छता त्यांनी एकाच दमात मांडली. माठ भरण्याच्या पाळीत शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव येणं ही साधी गोष्ट नाही, ती महाडहून आलेली आहे.

पालगडच्या साने गुरुजींचं नाव या विषयात आल्याशिवाय राहत नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मुळे सवयी म्हटलं की आपल्याला आईच आठवते. मला मात्र अमळनेरचे गुरुजी जास्त महत्त्वाचे वाटतात. १९२४ ते १९३० या काळात ते तिथे शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते न बोलता झाडून काढत, मुलांचे कपडे धूत, अंथरुणं घड्या करून ठेवत. चार दिवसांनी मुलांनाच लाज वाटे आणि मुलं झाडू हातात घेत. सवय लावण्याची ही रीत कष्टाची आहे. दम देण्याला लागतो त्याच्या दसपट वेळ तिला लागतो. म्हणून तिचं कौतुक खूप होतं आणि अनुकरण कमी.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यात, या सगळ्याला शास्त्राचा आधार मिळाला. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं, तेव्हा मुलांच्या हाताला पेलतील असे छोटे झाडू, छोटे तांबे, छोट्या खुर्च्या त्यांनी करून घेतल्या होत्या. पाणी न सांडता ओतणं, बटण लावणं, ताट पुसणं हे त्यांच्या शाळेतले धडेच होते. भावनगरला गिजुभाई बधेकांनी हा विचार गुजरातीत आणला. ताराबाई मोडक तिथे त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती: हे महागडं साहित्य घेऊन शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांपलीकडे आपण जाणार कसे? १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि जन्मभर राहिल्या.

बोर्डीत पहिल्याच दिवसांत कळलं की मुलं शाळेत येतील ही अपेक्षाच चुकीची. मग शाळाच वस्तीत गेली, घराच्या अंगणात भरू लागली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी वाटतो, पण तो इथून निघाला. आकाराच्या विकत आणलेल्या ठोकळ्यांच्या जागी बिया, दगड, पानं, शिंपले आले. बालवाडीचा दिवस अक्षरांनी सुरू होत नसे. आधी दात, नखं, केस, आंघोळ. बाईंच्या हातांनी पहिल्यांदा, मग मुलाने आपलं आपण, मग त्याने धाकट्या भावंडाचं. मला या तिसऱ्या पायरीचं मोल सर्वांत जास्त वाटतं. स्वतःची नखं कापणं ही सवय, आणि धाकट्याला पाटीजवळ बसवून त्याचे केस विंचरून देणं हे पुढारपण. दोन्हींच्या मध्ये भिंत नाही.

१९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांजवळ. तिथल्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायला घरी थांबावं लागतं, म्हणून धाकट्यालाच बरोबर घेऊन ये, असा साधा तोडगा. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. गुरं राखणारं आठ-नऊ वर्षांचं पोर दिवसभर दहा जनावरांचा हिशेब ठेवतं, पाणवठा शोधतं, वाघरापासून सांभाळतं. त्याला जबाबदारी शिकवायची गरज नव्हती, त्याच्याजवळ ती आहे हे शाळेने मान्य करण्याची गरज होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या मोजक्या गटांत सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव गेली. जाताना आहार आणि लसीकरण नीट बरोबर गेलं, तिसरी पायरी वाटेत बरीच सांडली.

मधल्या काळात आणखी दोन-तीन प्रवाह येऊन मिळाले. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची, आखणी झाली. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, त्यांच्या सरकारने मूलोद्योगी शाळा काढल्या. सफाई, टकळी, परसबाग वेळापत्रकात आली. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा कोकणात गावोगाव भरत, त्यात शाखानायक पोरंच असत. बेडन-पॉवेलच्या स्काउटातून कब-बुलबुल आले, सहा-सहा मुलांची षटकं आणि त्यांचे नायक.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षी पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत प्रतिज्ञा लिहिली, १९६५ पासून ती शाळांत म्हटली जाऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मूल्यशिक्षण आलं: दहा मूल्यं, त्यांत राष्ट्रभक्ती, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता यांच्या पंक्तीला नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा. परिपाठ ठरून गेला: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. ज्या शाळेत परिपाठ मुलांच्या हाती आहे तिथे पहिलीतलं पोर थरथरत का होईना पण पाच वाक्यं बोलतं, आणि तो थरकाप गेला की जन्माचा जातो. जिथे बाई स्वतःच सुविचार लिहितात आणि मुलं फक्त ओरडून म्हणतात, तिथे परिपाठ म्हणजे उन्हात उभं राहणं.

शाळेचं मंत्रिमंडळही याच काळात पक्कं रुजलं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा स्वच्छतामंत्र्यांना खरं काम मिळालं. २०१० च्या सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, शिक्षक प्रगतिपत्रकात आवड, छंद, सुधारणा आवश्यक असं लिहू लागले. त्या नोंदींवरूनही शिक्षक कळतो: 'वर्गात मदत करतो' हे चाळीसही पत्रकांवर लिहिलेलं असतं, किंवा 'पावसात पहिलीच्या मुलांना ओढा ओलांडून देतो' असं एकाच पत्रकावर.

याच सुमारास अमेरिकेतूनही हा विषय येऊ लागला. स्टीफन कोवी यांनी १९८९ मध्ये मोठ्या माणसांसाठी सात सवयी मांडल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात ए. बी. कोम्ब्स ही प्राथमिक शाळा विद्यार्थ्यांअभावी अडचणीत होती, तिच्या मुख्याध्यापिका म्युरिएल समर्स यांनी १९९९ च्या सुमारास त्याच सवयी बालवाडीपासून लावायला घेतल्या. प्रत्येक मुलाला काहीतरी पद दिलं. पटसंख्येच्या धाकातून निघालेली ही युक्ती कोकणातल्या शिक्षकाला परकी वाटू नये.

कारण इथे आज पटसंख्या हाच मुख्य प्रश्न आहे. घरं मुंबईला गेली, शाळेत दहा-बारा मुलं, चारही इयत्ता एका खोलीत, शिक्षक एक किंवा दोन. याचं दुःख मला आहेच. पण अशा खोलीत मोठ्याने धाकट्याला शिकवणं हा उपक्रम राहत नाही, त्याशिवाय दिवसच जात नाही. पंतोजींची ओवरी परत आली आहे, फक्त आता आत सगळे आहेत. अजून एक उणीव मात्र जुनीच: आमच्या वेळी शेणकाल्याने जमीन सारवायची ती मुलींनी आणि घंटा द्यायची ती मुलग्यांनी. मला घंटेची पाळी वर्षभर आली, त्या चौथीतल्या मुलीला एकदाही नाही. तिने कधी मागितलीही नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एका दोनशिक्षकी शाळेत गेलो होतो. पायरीशी बादली, मग, आणि दोरीला जुन्या मोज्यात अडकवलेला साबण. तांबड्या मातीने भरलेले पाय धुऊनच आत जायचं. फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याच्या पाळ्या: पाणी, घंटा, झाडू, परसबाग, पहिलीचे हात. 'पहिलीचे हात' म्हणजे काय, मी विचारलं. जेवणाआधी पहिलीच्या पोरांचे हात धुऊन द्यायचे, असं तिसरीतल्या एका मुलाने सांगितलं, त्या आठवड्याला ते काम त्याचं होतं. घंटा कोणाकडे, तेही विचारलं. त्याने एका मुलीकडे बोट दाखवलं, आणि ती घड्याळ बघत उठलीच.