घरच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ: खोट्या प्रिंटरची करामत

आता कंट्रोल पी दाबायचं, प्रिंटरच्या जागी सेव्ह अ‍ॅज पीडीएफ निवडायचं, संपलं काम. पण ही सोय प्रिंटच्याच खिडकीत का, असं कधी मनात आलंय? त्यामागे मोठं रामायण आहे.

अडोबी कंपनी काढली जॉन वॉर्नॉक आणि चक गेश्की यांनी, 1982 साली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा म्हणजे पानावर काय कुठे उमटवायचं ते प्रिंटरला सांगायची पद्धत, आणि 1985 च्या अ‍ॅपल लेझररायटरमुळे ती गाजली. मग 1991 मध्ये वॉर्नॉक यांनी कॅमेलॉट नावाचा प्रस्ताव मांडला की कुठल्याही मशीनवर पान जसंच्या तसं दिसलं पाहिजे, फॉन्ट असो वा नसो. त्यातूनच 1993 मध्ये अ‍ॅक्रोबॅट या अडोबीच्या सॉफ्टवेअरबरोबर पीडीएफ बाजारात आलं. गंमत बघा, सुरुवातीला नुसती फाईल वाचायचा रीडरसुद्धा 50 डॉलरचा होता! तो पुढे फुकट झाला, पण फाईल बनवायचं सॉफ्टवेअर महागच राहिलं, घरच्या माणसाने विकत घ्यावं असं ते नव्हतंच.

मग वाट काढली घोस्टस्क्रिप्टने. एल. पीटर डॉइच यांनी 1988 मध्ये आणलेला हा पोस्टस्क्रिप्ट वाचणारा फुकट प्रोग्रॅम, त्याला पुढे पीडीएफ लिहिताही यायला लागलं. मग लोकांनी काय केलं, तर विंडोजमध्ये एक खोटा प्रिंटर बसवला. वर्डला वाटतं आपण खऱ्या प्रिंटरला पान पाठवतोय, ते पोस्टस्क्रिप्ट मधल्या मधे घोस्टस्क्रिप्टच्या हातात जातं आणि कागदाऐवजी फाईल बाहेर येते. पीडीएफक्रिएटर, क्यूटपीडीएफ हे सगळे याच जातीचे. एकदा बसवलं की नोटपॅडपासून कशातूनही पीडीएफ निघायची, मला तर तेव्हा जादूच वाटली होती.

आपल्याकडे याची किंमत डीटीपीवाल्यांना विचारा. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाईल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे किडेमकोडे, म्हणून फाईलसोबत फॉन्टही द्यावा लागायचा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, ती कटकट मिटली.

मॅक ओएस एक्समध्ये ही सोय पहिल्यापासून होती, ओपनऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरने 1.1 आवृत्तीत पीडीएफ एक्सपोर्टचं बटण दिलं. मायक्रोसॉफ्टला ऑफिस 2007 मध्ये तेच द्यायचं होतं पण अडोबीने हरकत घेतली, म्हणून ते वेगळं डाउनलोड करावं लागायचं. 2008 मध्ये पीडीएफ आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक झालं, ऑफिस 2007 च्या सर्व्हिस पॅक 2 या अपडेटमध्ये ती सोय आत आली, आणि 2015 च्या विंडोज 10 ने तर खोटा प्रिंटर स्वतःच पुरवला, मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ या नावाने.

फक्त एक लक्षात ठेवा, खोट्या प्रिंटरचा हा मार्ग अजूनही छपाईचाच आहे. त्यामुळे लिंका, बुकमार्क बहुतेक वेळा गळून पडतात, आणि मराठी मजकूर कॉपी केला तर वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या सापडतात, कारण पानावर 'कि' काढताना वेलांटी आधी येते आणि क नंतर. म्हणून वर्ड किंवा लिब्रेऑफिस (ओपनऑफिसचाच भाऊबंद) असेल तर मी प्रिंटच्या वाटेला जातच नाही, सरळ एक्सपोर्ट करतो. तरी कधीतरी एखादी वेलांटी हलतेच.