फोटो नसलेल्या माणसाचं चित्र: बैठकीला येण्याआधी वाचा

आजोबांचा एकही फोटो नाही. आईचा आहे, पण शेवटच्या आजारपणातला. किंवा साहेबांना निरोप समारंभात त्यांना न सांगता अर्कचित्र (चेहऱ्यातली खास वैशिष्ट्यं ताणून, म्हणजे वाढवून काढलेलं चित्र) द्यायचंय. तिन्ही कामांत माणूस आमच्यासमोर बसलेला नसतो; जे काही आहे ते तुमच्या डोक्यात.

चेहरा सांगणं अवघड, ओळखणं सोपं. ‘नाक कसं होतं?’ विचारलं की बहुतेक जण अडतात. तीन नाकं काढून पुढे ठेवली की ‘ही नाही, ही पण नाही, ही जरा जवळची’ हे लगेच येतं. आमचं सगळं काम या ‘नाही’वर चालतं, त्यामुळे नाही म्हणायला संकोच नको.

बैठकीआधी घरात बसून चेहऱ्याची चर्चा मात्र करू नका. पाहिलेल्या चेहऱ्याचं शब्दांत वर्णन केलं, तर तोच चेहरा नंतर ओळखताना जास्त चुका होतात, असं १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसलं होतं. शिवाय मोठी बहीण ठामपणे ‘नाक सरळच होतं’ म्हणाली की बाकीची भावंडंही तेच नाक सांगू लागतात. म्हणून दोघांनी या. आम्ही वेगवेगळं विचारतो.

येताना पुढच्या वस्तू शोधून आणा:

– लग्नाचा ग्रुप फोटो, चेहरा तांदळाएवढा असला तरी. नाकडोळे दिसत नाहीत, पण डोक्याची ठेवण आणि मान कळते.
– मतदार ओळखपत्र. ही कार्डं १९९३ पासून सुरू झाली. जुन्या कागदपत्रांत बघा.
– जवळच्या नातेवाइकांचे फोटो: समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून, पाच-सहा फुटांवरून काढलेले. सेल्फी नको. त्यात नाक फुगतं आणि कान मागे जातात.
– चष्मा, टोपी, कवळी, जे जपून ठेवलं असेल ते.

चष्म्याचं एवढं का? लांबचं दिसण्यासाठीचं जाड भिंग असेल तर डोळे बारीक दिसतात आणि भिंगातून गालाची कड आत सरकलेली दिसते. जवळचा जाड नंबर असेल तर डोळे मोठे होतात. तुम्हाला ‘बाबांचे डोळे बारीक’ असं आठवतं, तेव्हा ते डोळे असतात की भिंग, हे चष्मा हातात घेतल्यावरच कळतं. टोपीच्या घेरावरून डोक्याचं माप मिळतं. कवळी लावत नसतील तर हनुवटी नाकाकडे येते, त्यामुळे ‘लावत होते का?’ हा प्रश्न आम्ही विचारणारच.

वय आधी ठरवा. ‘साधारण म्हातारपणी’ चालत नाही; ‘धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी’ असं पक्कं हवं. नाहीतर केस पन्नाशीचे आणि गाल सत्तरीचे होतात.

पहिली बैठक दीड तासाची. ए-३ कार्ट्रिज कागदावर एचबी पेन्सिलीने आधी फक्त डोक्याचे तीन आकार काढतो: मध्यम, रुंद, अरुंद. एक निवडला की केसांची रेषा, मग भुवया-डोळे, नाक, आणि ओठ सगळ्यात शेवटी. भांग कुठल्या बाजूला, हे विचारताना आम्ही ‘समोर बसल्यावर तुमच्या उजव्या हाताला की डाव्या?’ असं विचारतो. नुसतं ‘उजवीकडे’ म्हटलं की निम्म्या वेळा उलटा भांग पडतो.

या टप्प्यावर हमखास येणारी सूचना: ‘डोळे थोडे वर घ्या.’ ते सहसा घ्यायचे नसतात. मोठ्या माणसाचे डोळे टाळू ते हनुवटीच्या जवळजवळ मध्यावर असतात. आपण बघताना डोळे-नाक-तोंडच बघतो, कपाळ आणि टाळू हिशेबात धरत नाही. डोळे वर सरकवले की कवटी कापल्यासारखी होते आणि चित्र मुखवट्यासारखं दिसतं.

दुसरी बैठक दोन-तीन दिवसांनी, ताज्या नजरेने. त्या दिवशी पहिल्या बैठकीला नसलेला, पण त्या माणसाला ओळखणारा एक जण आणा. काही न सांगता चित्र दाखवू. तो लगेच नाव घेतो का, हे बघायचं. ‘छान आलंय’ म्हणाला तर चित्र फसलंय. बहुधा दोन्ही बाजू सारख्या झालेल्या असतात. एक भुवई उंच, एक ओठाचं टोक खाली, असलं काहीतरी राहून गेलेलं असतं. 2बी, 4बी या जास्त काळ्या पेन्सिलींनी गडद करणं त्यानंतरच.

अर्कचित्राची गोष्ट वेगळी. दोमिए या फ्रेंच चित्रकाराने १८३०च्या दशकात संसदेत बसणाऱ्यांची छोटी मातीची डोकी आठवणीतून घडवली. त्यांतली ३६ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. एकाचं जे ताणलंय ते दुसऱ्याचं नाही. आम्हीही दोनच गोष्टी ताणतो, बाकी चेहरा मापात ठेवतो. सगळंच ताणलं की माणूस कुणीही होतो. चार सहकाऱ्यांनी एकमेकांना न विचारता प्रत्येकी दोन गोष्टी लिहून द्या. चौघांच्या चिठ्ठीत जे सामाईक असेल तेच ताणायचं. कोड, तिरळेपणा, व्रण यांना आम्ही हात लावत नाही, आग्रह करू नये.

निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्त्यांच्या फेऱ्या तीन. तरीही ओळख पटली नाही तर उरलेले पैसे देऊ नका. चित्र आमच्याकडे राहील.

फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा. काच थेट कागदाला टेकली तर पावसाळ्यात ओल धरते आणि पेन्सिलीचं काळं काचेला चिकटतं. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.