दहा सेकंदांची तालीम

शाळेतली भूकंपाची रंगीत तालीम पाहिली की मला एकच गोष्ट खटकते. घंटा वाजते, पोरं रांगेनं जिना उतरतात, मैदानात डोकी मोजली जातात, फोटो निघतात. ही तालीम आगीची झाली! जमीन हलत असताना जिन्यावर असण्याइतकं वाईट काही नाही.

भूकंपात दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरीत खडकाचे कण पुढे-मागे सरकतात, शंटिंगच्या वेळी मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत जावेत तसे. दुय्यम लहरीत ते प्रवासाच्या दिशेला आडवे हलतात. खडक दाबला जायला जितका विरोध करतो, तितका तो आकार बिघडायला करत नाही. म्हणून दुसरी लहर मागे पडते. कठीण खडकात पहिलीचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, दुसरीचा साडेतीन. (द्रवात आडवा ताण टिकतच नाही, त्यामुळे दुसरी लहर द्रवातून जात नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव असल्याचा मोठा पुरावा हाच.)

आता सोलापूर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून सोलापूर सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. भागाकार करून पाहा: पहिली लहर चौदाव्या सेकंदाला इथं पोचते, दुसरी चोविसाव्या. मधली दहा सेकंदं आपली. आधी खालून हलका धक्का, मांडणीवरची भांडी वाजतात. मग घर आडवं हलू लागतं. भिंती वरचं वजन पेलायला बांधलेल्या असतात, आडवा हिसका त्यांना सोसत नाही. केंद्र पायाखालीच असलं तर मात्र हाती एक-दोन सेकंदंच. आणि सोलापूरच्या पूर्व भागात जिथं यंत्रमागांनी फरशी दिवसभर थरथरतच असते, तिथं पहिली लहर कळणारही नाही.

‘आज रात्री भूकंप येणार, झोपू नका’ असे निरोप फिरतात, त्यांचा या दहा सेकंदांशी काही संबंध नाही. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारं शास्त्र आजवर निघालेलं नाही, आणि पंचांगात तर ते नाहीच.

त्या पहाटे साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक झोपेत, दगडमातीच्या घरांत. या घरांची रुंद भिंत खरं तर एक भिंत नसते. दोन्ही बाजूंनी दगड रचून मधे चिपा-माती भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यानं ते सुटे होतात, फुगतात, ढासळतात. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी गळतीवर माती टाकायची, म्हणजे वजन दर वर्षी वाढतच जातं. फूटभर थर धरला तरी १० बाय १२ च्या खोलीवर पाच टनांच्या आसपास माती होते.

म्हणून सगळ्या घरांना एकच तालीम चालणार नाही. सिमेंटच्या घरात खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं घाला, टेबलाचा पाय धरून ठेवा आणि हादरे थांबेपर्यंत बाहेर पळू नका. माळवदाच्या घरात टेबल काय वाचवणार? तिथं दार चार पावलांवर आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडणंच शहाणपणाचं. पण दार अरुंद बोळात उघडत असेल, तर समोरची भिंत अंगावर येऊ शकते. मग आधी अंथरूण कुठं घालायचं हे ठरवा आणि छतावरची जास्तीची माती उतरवून घ्या.

एकदा रात्री दिवे घालवून सगळ्यांना आपापल्या अंथरुणावरून ही तालीम करायला लावा. आजीला कोण हात देणार, कडी कुणाच्या हाताला येते, लोखंडी कपाट पलंगावर कोसळेल का, हे लगेच दिसतं. कपाट भिंतीला पट्टी मारून पक्कं करायला सुताराला अर्धा तास लागतो. हादरे थांबले की आधी गॅसचा रेग्युलेटर बंद, मग वीज. वास येत असेल तर बटणाला हात न लावता बाहेर. तडा गेलेल्या घरात ‘पाकीट राहिलं’ म्हणून परत शिरायचं नाही, कारण मागून येणारे छोटे धक्के नेमकी तीच भिंत पाडतात.