एल्झेआर बुफिए नावाचा माणूस नव्हताच : ज्याँ जिओनोच्या एका गोष्टीमागची गोष्ट

पाऊस सुरू झाला, वृक्षारोपणाचे कार्यक्रम लागले, की एक गोष्ट हमखास फिरू लागते. फ्रान्सच्या उजाड डोंगरात एकटा राहणारा एक मेंढपाळ रोज शंभर बिया पेरतो. तीस-पस्तीस वर्षं तो हेच करत राहतो आणि त्यातून अख्खं जंगल उभं राहतं. आटलेले झरे वाहू लागतात, ओस पडलेल्या गावात माणसं परत येतात. मराठीतही ही गोष्ट भाषांतरित होऊन आली आहे आणि पुष्कळ जण ती 'सत्यकथा' म्हणून सांगतात. ती सत्यकथा नाही. एल्झेआर बुफिए हा मेंढपाळ कधी जन्मलाच नव्हता. त्याला घडवलं ते ज्याँ जिओनो या कादंबरीकारानं, १९५३ साली. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असं वाटतं, कारण हा म्हातारा कुठल्या आयुष्यातून आला ते कळलं की त्याच्या बियांचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं.

जिओनोचा जन्म ३० मार्च १८९५ चा, मानोस्क या गावातला. आल्प्सच्या पायथ्याशी, द्युरांस नदीच्या खोऱ्यात वसलेलं हे छोटं गाव. वडील जोडे शिवायचे. त्यांचं घराणं मूळचं इटलीतल्या पिएमाँतचं. आई पोलीन इस्त्रीचं दुकान चालवायची. खाली इस्त्रीची वाफ आणि वर वडिलांची चामड्याच्या वासाची खोली, अशा घरात हा एकुलता एक मुलगा वाढला. तो जन्मला तेव्हा वडील पन्नाशीला आले होते. पुढे वडिलांची तब्येत ढासळली आणि १९११ साली, सोळाव्या वर्षी, त्याची शाळा सुटली. गावातल्या बँकेच्या शाखेत तो कामाला लागला. सुरुवातीचं काम पोऱ्याचं, दार उघडायचं आणि निरोप-चिठ्ठ्या पोचवायच्या. बाकीचं शिक्षण त्यानं आपलं आपणच केलं. होमर आणि व्हर्जिल स्वस्त आवृत्त्यांमधून वाचून काढले. मेंढरं, मधमाश्या, नांगरट हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्हर्जिलच्या कवितेत होतं, आणि तेच त्याला खिडकीबाहेरही दिसत होतं. बँकेच्या कामासाठी पुढे शेतावर-वस्तीवर जाणं व्हायचं. शेतकरी कसा बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे त्यानं तिथे ऐकलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. विशीच्या आतच तो पायदळात भरती झाला. १९१६ मध्ये व्हर्दूंची लढाई, १९१७ मध्ये शमँ दे दाम आणि १९१८ मध्ये बेल्जियमच्या सीमेवर केमेलची टेकडी, जिथे विषारी वायूनं त्याच्या डोळ्यांना इजा झाली. लुई दाव्हिद हा त्याचा जिवलग मित्र परत आलाच नाही. घरी आल्यावर पुन्हा तीच बँक. युद्धाबद्दल लिहायला त्याला बारा-तेरा वर्षं लागली. १९३१ सालच्या 'मोठा कळप' या कादंबरीची सुरुवात खंदकात होत नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये तरुण माणसं लढाईवर गेल्यामुळे डोंगरावरची मेंढरं वेळेआधीच खाली उतरवावी लागतात. उन्हाळ्याच्या तापलेल्या धुळीत हजारो मेंढरांचा लोंढा गावातून जात राहतो. जनावरं चालता चालता कोसळतात, पाय रक्ताळलेले असतात. दुतर्फा उभे असलेले म्हातारे आणि बायका हे मुकाट्यानं पाहत राहतात. आघाडीवर काय होणार आहे हे सांगायला त्याला वेगळा शब्द लागत नाही. १९३४ साली त्यानं एक लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं, 'मी विसरू शकत नाही'.

आता हे ध्यानात ठेवून झाडांची गोष्ट पुन्हा वाचावी. निवेदक १९१३ साली बुफिएला पहिल्यांदा भेटतो. मेंढपाळ रात्री टेबलावर ओकच्या बियांचा ढीग ओततो. एकेक बी उचलून निरखतो, किडकी आणि तडकलेली बाजूला काढतो, आणि चांगल्या शंभर बिया मोजून झाल्या की झोपतो. सकाळी त्या पाण्यात भिजवून घेतो. हातात काठीऐवजी अंगठ्याएवढी जाड लोखंडी सळई असते. तिनं भोक पाडायचं, बी टाकायचं, माती लोटायची. जमीन कुणाची हे त्याला ठाऊक नसतं. तीन वर्षांत त्यानं एक लाख बिया लावल्या, त्यातल्या वीस हजार रुजल्या, आणि उंदीर-घुशी वगैरेंनी त्यातल्या निम्म्या नेल्या तरी दहा हजार ओक उरतील, असा त्याचा सरळ हिशेब. मग युद्ध येतं आणि निवेदक पाच वर्षं लढाईवर. १९२० मध्ये परत येतो तेव्हा म्हातारा मेला असेल असंच तो धरून चालतो. म्हातारा मात्र जिवंत असतो, आणि बर्चची पाच वर्षांची झाडं त्याला दाखवतो. ही १९१५ ची, म्हणजे मी व्हर्दूंला लढत होतो तेव्हाची, असा हिशेब निवेदक मनाशी करतो. व्हर्दूंची मोठी लढाई फेब्रुवारी १९१६ मध्ये सुरू झाली, पण जिओनोला सनावळीशी देणंघेणं नाही. त्याला एकाच वेळी चाललेली दोन माणसांची दोन कामं शेजारी शेजारी ठेवायची आहेत. अख्ख्या गोष्टीचा कणा मला त्या एका ओळीत दिसतो.

आणि ते ओसाड गाव? ते काल्पनिक नव्हतं. जिओनोचा जिल्हा तेव्हा 'बास-आल्प' म्हणून ओळखला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे दीड लाखावर माणसं होती. पुढच्या शंभर वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली. शतकानुशतकं चराईनं आणि लाकूडतोडीनं डोंगर बोडके झाले होते, पावसाच्या लोंढ्यांबरोबर माती वाहून जात होती. सरकारनं १८६० पासून डोंगरांवर पुन्हा जंगल लावण्याचे कायदे केले, पण मेंढपाळांना त्यात आपली कुरणं जाताना दिसत होती आणि त्यावरून तंटेही झाले. तरुण पोरं शहरांकडे निघाली. उरलेल्यांतले कितीतरी पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. बानों गावाजवळचं रदोर्तिए हे असंच एक ओस पडलेलं गाव, छपरं कोसळलेलं.

तेच रदोर्तिए त्याच्या १९३० च्या कादंबरीत 'ओबिन्यान' झालं. कादंबरीचं नाव 'रगँ', म्हणजे एकदा कापणी झाल्यावर पुन्हा उगवलेलं गवत. गावात तीनच जीव उरलेत. म्हातारा लोहार गोबेर, मामेश नावाची म्हातारी आणि शिकार करून जगणारा, हळूहळू रानटी होत चाललेला पांत्युर्ल. लोहार मुलाकडे राहायला निघून जातो. पुढे पांत्युर्लच्या आयुष्यात आर्स्यूल ही बाई येते आणि घरात भाकरी हवी, म्हणजे गहू हवा, हे त्याला जाणवतं. तो गोबेरकडे नांगर मागायला जातो. नांगर घडवण्यात एके काळी नाव कमावलेला तो लोहार आता खुर्चीला खिळलाय, पण घण घालायची सवय हातातून गेलेली नाही. त्याच्याकडून मिळालेल्या नांगरानं पडीक जमीन पुन्हा उघडते. झाडं लावणाऱ्या माणसाच्या गोष्टीच्या तेवीस वर्षं आधी जिओनोनं तीच गोष्ट लिहिली होती. तिथे बियांच्या जागी गहू होता, इतकंच.

'रगँ' ही तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली तिसरी. पहिली 'कोलीन', म्हणजे टेकडी, १९२९ ची. डोंगराच्या कुशीतली चार घरांची वस्ती, अचानक आटलेला झरा, अंथरुणाला खिळून बडबडणारा एक म्हातारा. त्यानंच डोंगराला आपल्यावर सोडलंय, असं वाटून घाबरलेली माणसं. आंद्रे जीदसारख्या लेखकानं ही कादंबरी उचलून धरली आणि त्याच वर्षाअखेर जिओनोनं बँक सोडली. मानोस्कच्या उतारावर त्यानं 'पाराइस' नावाचं घर घेतलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

इथेच त्याच्यावर 'प्रादेशिक लेखक' हा शिक्का बसला. मार्सेल पान्योलनं त्याच्या कथा-कादंबऱ्यांवर 'आंजेल', 'रगँ' आणि 'पाववाल्याची बायको' असे चित्रपट काढले आणि ते तुफान चालले. पुढे या दोघांत हक्कांवरून कोर्टबाजीही झाली. लोकांच्या मनात ऊन, रातकिडे आणि गोड हेल काढून बोलणारी माणसं म्हणजे प्रोव्हान्स, हा जिओनोचा दक्षिण फ्रान्सचा मुलूख, असं बसलं, आणि जिओनो म्हणजे तेच. त्याला हे मुळीच मान्य नव्हतं. प्रोव्हान्साल या तिथल्या भाषेत लिहिणाऱ्या, १९०४ सालचं नोबेल मिळवणाऱ्या मिस्त्रालच्या परंपरेपासून तो लांबच राहिला. तो फ्रेंचमध्ये लिहायचा आणि आपला दक्षिण प्रदेश कल्पनेतला आहे असं सांगायचा. त्याच्या पुस्तकांमधून नकाशा काढायला गेलात तर डोंगर आणि नद्या जागच्या हललेल्या सापडतात. माझं मत विचाराल तर प्रादेशिक हा शब्द वाईट नाही. मातीतून लिहिणाऱ्या लेखकाचा मान आपल्याकडेही आहे. पण जिओनोला तो पुरत नाही. त्याच्या टेकड्यांत ग्रीक शोकांतिकेइतकी भीती आहे.

१९३५ साली त्याची 'माझा आनंद टिको' ही कादंबरी आली आणि तरुण वाचक त्याच्याभोवती जमू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो काही जणांना घेऊन ल्यूर डोंगरावर पायी निघाला. वाटेत पाय दुखावला आणि सगळे काँतादूर नावाच्या वाडीवर अडकले. अडकले ते रमले. मग १९३९ पर्यंत इथे मेळावे भरत राहिले. गवतावर बसून वाचन, गाणी, वाद, आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट, युद्ध नको. जिओनो त्यात पुढे होता. १९३७ मध्ये 'आज्ञा पाळायला नकार', १९३८ मध्ये शेतकऱ्यांना उद्देशून दारिद्र्य आणि शांतता यांवरचं पत्र. तो हिटलरचं संकट कमी लेखत होता, हे आज दिसतं आणि ते झाकायचं कारण नाही. पण व्हर्दूंहून परतलेल्या माणसाच्या तोंडून 'पुन्हा नाही' याशिवाय दुसरं काही निघेना, हेही तितकंच खरं.

शेवटचा मेळावा चालू असतानाच युद्ध पेटलं. सैन्यभरतीचं बोलावणं आल्यावर तो हजर झाला, पण युद्धविरोधी लिखाणामुळे त्याला अटक झाली आणि मार्सेयच्या साँ-निकोला किल्ल्यात डांबलं. दोन महिन्यांनी सुटला. युद्धकाळात त्यानं अडचणीत आलेल्या, पळून आलेल्या लोकांना आसरा दिला. त्याच काळात जर्मनधार्जिण्या एका साप्ताहिकात त्याची कादंबरी क्रमशः छापली गेली. हा डाग त्याला नडला. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्स मुक्त झाल्यावर पुन्हा अटक, आणि साँ-व्हाँसाँ-ले-फोर इथे काही महिने कैद. खटला भरलाच नाही, आरोप ठेवलाच नाही, पण लेखकांच्या राष्ट्रीय समितीनं त्याला काळ्या यादीत टाकलं आणि १९४७ पर्यंत त्याचं पुस्तक फ्रान्समध्ये निघेना. एकदा युद्ध नको म्हणून तुरुंग, एकदा शत्रूचा माणूस ठरवून तुरुंग.

बाहेर आलेला जिओनो बदललेला होता. आता गाणारे डोंगर मागे पडले. 'करमणूक नसलेला राजा' ही १९४७ ची कादंबरी बर्फानं गाडलेल्या एका खेड्यात घडते. खुनी शोधायला आलेला अधिकारी त्या खुन्यात स्वतःला ओळखू लागतो. १९५१ साली 'कौलांवरचा घोडेस्वार' आली. १८३२ ची पटकीची साथ, प्रोव्हान्सच्या रस्त्यांवर पडलेली प्रेतं, आणि विहिरीत विष टाकल्याच्या संशयावरून जमाव मागे लागल्यामुळे मानोस्कच्या छपरांवर राहणारा आंजेलो पार्दी. आंजेलो पिएमाँतहून परागंदा झालेला, म्हणजे वडिलांच्या मुलखातला. तो जिला सोबत घेऊन निघतो ती पोलीन द तेयूस, आणि पोलीन हे लेखकाच्या आईचं नाव. साथीपेक्षा साथीच्या भीतीनं माणसं कशी नासतात, हे त्यानं ज्या बारकाईनं लिहिलंय ते आपण करोनात सोसलेल्या दिवसांनंतर वाचवत नाही.

अशा काळात, १९५३ मध्ये, 'रीडर्स डायजेस्ट' या अमेरिकी मासिकाकडून विचारणा आली. तुम्हाला भेटलेल्या सर्वांत अविस्मरणीय माणसाबद्दल लिहा. जिओनोनं बुफिए पाठवून दिला. मासिकानं चौकशी केली. गोष्टीत हा म्हातारा १९४७ साली बानोंच्या वृद्धाश्रमात मरतो, पण तिथे तसा कुणी मेल्याची नोंद सापडेना. मासिकानं गोष्ट परत केली. जिओनोनं मग ती कुणीही छापावी म्हणून खुली करून टाकली आणि १९५४ मध्ये ती 'व्होग'मध्ये इंग्रजीत आली. तिथून ती भाषा ओलांडत निघाली. १९५७ साली दिन्य शहरातल्या वनाधिकाऱ्यानं बुफिएबद्दल विचारलं तेव्हा त्यानं पत्रातून स्वच्छ सांगितलं, की हा माणूस कल्पनेतला आहे, आणि लोकांना झाडं, त्याहून जास्त झाडं लावणं, आवडावं एवढाच हेतू होता. या गोष्टीतून आपण एक पैही घेतली नाही, असंही त्यात आहे. १९८७ मध्ये कॅनडात फ्रेडरिक बाक यांनी तिच्यावर केलेल्या अ‍ॅनिमेशनपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं.

गोष्टीत दुसरं महायुद्धही येतं. लाकडाच्या गॅसवर मोटारी चालवायच्या म्हणून ओक तोडायला सुरुवात होते, पण जंगल रस्त्यांपासून फार लांब पडतं, परवडत नाही म्हणून तोड थांबते. बुफिएच्या हे गावीही नसतं. तो तीस किलोमीटर लांब आपलं काम करत असतो. दोन्ही युद्धांची झळ न लागलेला हा म्हातारा म्हणजे जिओनोला जे साधलं नाही ते सगळं.

१९५४ मध्ये गाँकूर अकादमी या फ्रान्समधल्या मानाच्या साहित्यसंस्थेनं त्याला आपला सदस्य करून घेतलं. ऑक्टोबर १९७० मध्ये तो मानोस्कलाच गेला. त्याच वर्षी त्याच्या जिल्ह्याचं नावही बदललं. बास-आल्प जाऊन 'आल्प-द-ओत-प्रोव्हान्स' आलं.

बुफिए कुठून आला याचा एक धागा त्याची मुलगी आलीन हिच्या आठवणीत आहे. पहिल्या महायुद्धाआधी लहानगा ज्याँ आणि जोडे शिवणारे त्याचे वडील फिरायला निघत, तेव्हा खिशात ओकच्या बिया असत. वडिलांच्या काठीला खाली लोखंडी टोक होतं. मोकळी जागा दिसली की ते टोक जमिनीत खुपसायचं आणि भोकात एक बी टाकायचं.